औट विसा

शंकेखोर : वहिनी, तुमच्या त्या वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचं मला काही केल्या कळत नाही. नवरा सत्तरीचा, बायको दोन वर्षांनी धाकटी. युटामधलं भरलं घर बंद करून दीड वर्षासाठी कोपनहेगनला येतात, तेही पदरमोड करून. पदरमोड करून लोक काशीला जातात, चारधाम करतात. त्यात मला वावगं वाटत नाही. देवाचं आणि त्यांचं काय ते ते बघून घेतील. पण ही मंडळी दुसऱ्याच्या देवाचं बघायला जातात. आणि कुठे, तर डेन्मार्कला! हजार वर्षांचा ख्रिस्ती देश, झेंड्यावर क्रूस, आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक तिथल्या राष्ट्रीय चर्चचे सभासद. तिथे येशू सांगायला जाणं म्हणजे देवगडात आंब्याची पेटी घेऊन विकायला बसणं. यात श्रद्धा किती आणि हट्ट किती, हे तुम्ही तीन महिने पाहून आलात म्हणून तुम्हालाच विचारतो.

पाहून आलेली : भावोजी, ते येशू सांगायला आलेत असं तुम्ही धरूनच चाललात. मीही तसंच धरलं होतं. मुलीच्या बाळंतपणाला नोव्हेंबरात गेले, नव्वद दिवसांचा व्हिसा. पहिल्याच आठवड्यात ही दोघं जिन्यात भेटली. छातीवर काळा बिल्ला, त्यावर आडनाव आणि खाली त्यांच्या चर्चचं ते लांबलचक नाव. आपण सरळ मॉर्मन म्हणून मोकळे होतो. 2018 पासून त्यांच्या प्रमुखांनी ते टोपणनाव वापरू नका म्हणून सांगितलंय. मी मुलीला म्हटलं, दार लावून घे, आता पुस्तक काढतील. नव्वद दिवसांत त्यांनी मला पुस्तक दाखवलं नाही. काय दाखवलं असेल तर रेडिएटरमधली हवा किल्लीनं कशी काढायची ते. त्या गृहस्थांनी जन्मभर नळजोडणीचं काम केलेलं, बाई शाळेत शिकवायच्या. बिल्ल्यावर मात्र हे ‘एल्डर’ आणि त्या ‘सिस्टर’. गंमत अशी, की दारोदार फिरणारी एकोणीस वर्षांची पोरंही ‘एल्डर’च. मिसरूड फुटलेलं नाही आणि पदवी वडिलांची!

त्यांचा दिवस सांगते, मग श्रद्धा आणि हट्ट तुम्हीच वेगळे करा. सकाळी दोघं टेबलाशी बसून तासभर धर्मग्रंथ वाचणार, आळीपाळीनं, मोठ्यानं. मग ओट्स आणि गरम चॉकलेट. चहा, कॉफी, दारू, तंबाखू चारही वर्ज्य. डेन्मार्कमध्ये माणसं जोडायची ती कॉफीवर, आणि यांना कॉफीच चालत नाही, बोला! मग हे हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडणार. शहरात तरुण मिशनऱ्यांची भाड्याची घरं आहेत. कुठे तोटी गळते, कुठे सायकलची साखळी उतरलीय, कुठे घरमालकानं भिंतीवरच्या डागाचे पैसे लावलेत. बाई कार्यालयात बसून त्या पोरांचे राहण्याचे परवाने, त्यांच्या मुदती, भाडेकरार, टपाल सांभाळणार. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. त्या दिवशी विमानतळ, बॅगा, कुणाची गादी कमी, कुणाचं जाकीट हरवलं. संध्याकाळी विद्यार्थी वयाच्या मुलामुलींसाठी चर्चच्या जागेत एक वर्ग असतो, त्यांच्यासाठी जेवण. रविवारी उपासना, सोमवारी आठवड्याची सुटी, म्हणजे कपडे धुणं, वाणसामान आणि मुलांना फोन. युटाची वेळ आठ तास मागे, त्यामुळे नातवंडं शाळेत जायच्या आधी गाठायची म्हणजे यांची दुपार उलटलेली असते. यात धर्मप्रसार कुठे आहे ते तुम्ही शोधा. मला सापडली ती खानावळ, कारकुनी आणि नळदुरुस्ती.

शंकेखोर : म्हणजे ही माणसं कोपनहेगनची सेवा करतच नाहीत. स्वतःच्याच संस्थेच्या मुलांना जेवू घालायला एवढा समुद्र ओलांडून गेलीत. मग याला ‘मिशन’ असं भारदस्त नाव का? वसतिगृहाचे रेक्टर म्हणा. आणि माझी शंका याच्याही पुढची आहे. पोरं दार वाजवतात, म्हातारे सूप करतात. तुम्ही म्हणता, सूप करणाऱ्यांनी कुठे कुणाला बाटवलंय? पण दार वाजवायला पोरं ताजीतवानी राहतात ती त्या सुपावरच. स्वयंपाकी रणांगणावर जात नाही म्हणून तो सैन्याबाहेरचा होत नाही.

शिवाय पैशाचं काय? या चर्चच्या गुंतवणुकी लहान नाहीत. त्या मोठ्या दिसू नयेत म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी विवरणपत्रं भरली, याबद्दल अमेरिकेच्या रोखे नियामकानं 2023 मध्ये गुंतवणूक शाखेला आणि चर्चला मिळून 50 लाख डॉलर दंड केला. आणि एवढी गडगंज संस्था निवृत्त नळवाल्याला सांगते, बाबा रे, घरभाडं, जेवण, विमा तुझा तू बघ. उत्पन्नाचा दहावा हिस्सा आधीच घेतलेला असतो तो वेगळाच. आपल्याकडच्या एखाद्या देवस्थानानं असं केलं असतं तर तुम्ही पहिला लेख लिहिला असता.

पाहून आलेली : लिहिला असता, आणि त्यांच्याबद्दलही कुणी लिहावा. दंडाचं मी त्यांना विचारलं होतं. हे म्हणाले, चूक झाली ती झाली, मान्य करून पुढे गेले. बाई काही बोलल्या नाहीत. सफरचंदं सोलत राहिल्या. मला ते न बोलणं अधिक खरं वाटलं.

पण पदरच्या पैशाचं मला तुमच्याइतकं खुपत नाही. वारकरी स्वतःच्या खर्चानं जातो म्हणून तो वारकरी. देवस्थानानं दिवसाला भत्ता दिला असता तर पंढरीची वाट भरली असती, पण तिला वारी कोण म्हणालं असतं? पैसे घेतले की माणूस नोकर होतो, मग त्याला ‘हे माझं काम नाही’ म्हणायचा हक्क येतो. त्या गृहस्थांना तो हक्क नव्हता. डिसेंबरात तिथे साडेआठच्या पुढे उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. अशा एका संध्याकाळी भाजलेल्या बटाट्यांचं पातेलं मांडीवर धरून बाई, आणि हातात दोन सायकलींचे टायर घेऊन हे, असे बसनं निघालेले मी पाहिले. ॲरिझोनाचा एक मुलगा दोन दिवस अंथरुणातून उठला नव्हता. ताप नव्हता, नुसता अंधार चढला होता त्याला. त्या वयाच्या मुलांना 2019 पर्यंत घरी वर्षातून दोनदाच फोन करता यायचा, नाताळात आणि मातृदिनाला. आता आठवड्याला करता येतो, पण फोनमधून कुणी कपाळावर हात ठेवत नाही. तुम्ही म्हणता सैन्याचा स्वयंपाकी. मी त्या पोराची आई असते तर मला सैन्य आठवलं नसतं.

शंकेखोर : तुम्ही त्या पोराची आई असता तर माझा पहिला प्रश्न तुम्हालाच असता, की त्याला तिथे पाठवलंतच का. आधी एकोणीस वर्षांच्या मुलाला अंधारात पाठवायचं आणि मग त्याच्या मागोमाग पातेलं घेऊन आजी पाठवायची! आणि वारीची उपमा देताना एक गोष्ट वगळलीत. वारकरी वाटेतल्या माणसाला त्याचा देव बदल म्हणत नाही. आपल्या लोकांच्या मनात ‘मिशनरी’ हा शब्द आला की अजूनही एक जुनी कळ उठते, ती उगाच नाही. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबाबा ब्रह्मचारींना मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालायला उभं राहावं लागलं. राज्य तुमचं, छापखाने तुमचे, शाळा तुमच्या, आणि वर विचारणार, तुमचा धर्म खरा कशावरून? ती नुसती चर्चा नव्हती, तराजूच वाकडा होता.

पाहून आलेली : तराजू वाकडा होता, कबूल. पण कोपनहेगनमध्ये तराजूच नाही, ते बघा. तिथे त्यांच्या बाजूला ना राज्य, ना शाळा, ना प्रतिष्ठा. उलट लोक त्यांना पंथवेडे समजतात. परवान्यासाठी रांगेत उभं राहायचं त्यांनी. आणि वाद? विष्णुबाबांसारखा एक माणूस तिथे त्यांना भेटला असता तर मला वाटतं, त्या गृहस्थांनी त्याचे हात हातात घेतले असते. तिथे वाद घालतच नाही कुणी. ‘नको, आभारी आहे’ म्हणून हसून दार लावतात. वाद घालायलाही देवाबद्दल थोडी आस्था लागते. सभासद म्हणाल तर सत्तर टक्के. रविवारी चर्चमध्ये जाऊन बघा, ऑर्गन वाजवणारा धरून किती डोकी ते. तुमच्या देवगडच्या आंब्यात तेवढी दुरुस्ती करा. बागा आहेत, पण कुणी आंबा खात नाही.

आणि मिशनरी म्हटल्यावर तुम्हाला फक्त समुद्रकिनारा आठवतो. मला श्रीरामपूर आठवलं. कलकत्त्याजवळचं ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून विल्यम कॅरी 1800 मध्ये तिथे गेला; कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. त्या गावच्या छापखान्यातून 1805 मध्ये त्याचं मराठीचं व्याकरण निघालं, 1810 मध्ये कोश, आणि 1811 मध्ये नवा करार. शेजारी बसून भाषा सांगायला वैजनाथ पंडित होते. पुढे 1845 मध्ये डेन्मार्कनं ते गाव इंग्रजांना विकून टाकलं. हे मी त्या जोडप्याला सांगितलं, तर बाईंनी विचारलं, मग तुमचे लोक ख्रिस्ती झाले का? म्हटलं, फारसे नाही, पण कोश ठेवून घेतले. दोघं इतकी हसली, की मुलीनं बाळ निजलंय म्हणून खुणावलं.

शंकेखोर : हसू द्या. कोश आपण ठेवून घेतले, पण ते कोशासाठी आले नव्हते. तुम्ही उत्पन्नातून बियाणं वजा करताय. बरं, डेन्मार्कपुरतंच बोलू. या लोकांचा तिथला इतिहास काय आहे? तुम्ही म्हणाल प्रेमाचा.

पाहून आलेली : प्रेमाचा नाही, निर्गमनाचा. 1849 मध्ये डेन्मार्कला राज्यघटना मिळाली, धर्मस्वातंत्र्य आलं, आणि पुढच्याच वर्षी इरॅस्टस स्नो नावाचा त्यांचा प्रेषित युटाहून कोपनहेगनला उतरला. 1851 मध्ये मॉर्मनचं पुस्तक डॅनिशमध्ये निघालं. इंग्रजीबाहेरची ती पहिली भाषा. त्या काळी बाप्तिस्मा झाला की तिथे थांबायचं नाही, युटाला ‘सियोन’ उभारायला यायचं, अशी शिकवण. हजारो डॅनिश लोक गेले. युटातल्या सॅनपीट खोऱ्यात त्यांतले पुष्कळ स्थिरावले. त्या बाईंची खापरपणजी अशीच उत्तर जटलंडमधल्या कुठल्याशा खेड्यातून गेलेली. एका सोमवारी दोघं आगगाडीनं तिच्या गावचं देऊळ पाहून आली. पांढरं चर्च, कुलूप लावलेलं, भोवती बर्फ. बाईंनी कुंपणापलीकडचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, ती आमच्यासाठी इथून गेली, मी तिच्यासाठी परत आले.

शंकेखोर : वाक्य सुंदर आहे, पण हिशेब बघा. ज्यांना पटलं त्या सगळ्यांना जहाजात बसवून नेलं, मागे उरलं ते मूठभर. दीडशे वर्षांनी त्याच घराण्यातली म्हातारी माणसं परत येऊन विचारतात, इथे आमची मंडळी इतकी विरळ का! आपणच विहीर उपसायची आणि मग कावड घेऊन पाणी घालायला यायचं.

पाहून आलेली : हे मी त्यांना सांगायला हवं होतं, आवडलं असतं.

(इथे चहा आला. दोघांनीही सोडला नाही. चहावरून निघालेली गोष्ट एवढीच, की वहिनींनी पहिल्या दिवशी आलं घालून केलेला चहा त्या दोघांनी हात जोडून नाकारला, वहिनी दोन दिवस रुसल्या, आणि तिसऱ्या दिवशी मुलीसाठी इथून नेलेला सुका गवती चहा उकळून वर नेला. नावात चहा आणि पेल्यात नाही, हे पटवायला म्हणे अर्धा तास लागला. त्या गृहस्थांनी दोनदा विचारून घेतलं.)

शंकेखोर : पाहुणचार, नळ, सूप, सगळं मान्य करतो. आता मला खरोखर अस्वस्थ करतं ते बोलू. ही माणसं मेलेल्यांचाही बाप्तिस्मा करतात. कोपनहेगनमध्ये त्यांचं मंदिर आहे ना?

पाहून आलेली : आहे. फ्रेडरिक्सबर्गमध्ये, 1931 सालच्या त्यांच्याच जुन्या चर्चच्या इमारतीचं मंदिर केलंय, 2004 मध्ये उघडलं. आत सभासदांनाच जाता येतं, त्यातही ज्यांच्याकडे स्थानिक प्रमुखांचं प्रमाणपत्र आहे त्यांनाच. ही दोघं आठवड्यातून एकदा पांढरे कपडे पिशवीत घेऊन जायची.

शंकेखोर : आणि आत जाऊन कुणा सतराव्या शतकातल्या डॅनिश शेतकऱ्याच्या नावानं जिवंत माणूस पाण्यात बुडी मारतो. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावंसुद्धा त्यांनी असल्या याद्यांत घातली होती. आरडाओरडा झाला, तेव्हा 1995 मध्ये ती काढायचा करार करावा लागला. जिवंत माणूस निदान दार लावू शकतो. मेलेल्यानं काय करायचं?

पाहून आलेली : त्यांचं उत्तर असं, की आम्ही फक्त देऊ करतो, तिकडे त्या आत्म्यानं घ्यावं की नको म्हणावं. ज्यूंच्या बाबतीत ते उत्तर मलाही पुरत नाही. ज्यांना ज्यू म्हणूनच मारलं त्यांच्या नावाला हात लावायचा नव्हता. पण बाकीच्यांचं म्हणाल, तर मी त्यांना आपला पितृपक्ष सांगितला. तर्पणात आपण आपल्याच बापजाद्यांना पाणी देऊन थांबत नाही. ज्यांना कुणी नाही, जे आपले कुणी नव्हते, त्यांनाही ओंजळ देतो. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शंकेखोर : देतो, पण पाणी देऊन त्यांचं गोत्र बदलत नाही.

पाहून आलेली : (थोडं थांबून) हं. हे त्यांना सांगायला मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी सांगितलं असतं का, माहीत नाही.

शंकेखोर : वहिनी, जिंकल्यासारखं वाटू नये म्हणून मीच एक कबूल करतो. तुमचं ऐकता ऐकता माझी शंका जागा बदलतेय. धर्मांतर हा मुद्दा मला आता तेवढा टोचत नाही. दीड वर्षात त्यांनी किती लोक बाटवले याचं उत्तर शून्य असणार, हे मला कळतंय. टोचतंय ते निराळंच. त्यांना नातवंडं किती?

पाहून आलेली : चौदा. पंधरावं त्या डिसेंबरात झालं.

शंकेखोर : हेच. तुम्ही तुमच्या लेकीच्या बाळंतपणासाठी गुडघे धरत तिथे गेलात, डिंकाचे लाडू सामानात घालून. आणि वरच्या मजल्यावरची बाई त्याच महिन्यात स्वतःच्या लेकीचं बाळंतपण सोडून दुसऱ्याच्या पोरांच्या गाद्यांना खोळी घालत होती. आपल्याकडे अशा बाईला काय म्हणतील? घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, तशातलं हे. परक्याची सेवा करायला घरातला दिवा विझवायचा? माझी तर उलट तक्रार आहे, की लांबच्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं. लांबचा माणूस रात्री खोकत नाही.

पाहून आलेली : ते मूल झालं तेव्हाचं सांगते. त्यांना नियमानं घरी जाता आलं असतं. म्हाताऱ्या जोडप्यांना तेवढी सूट असते, स्वतःच्या खर्चानं थोडे दिवस जाऊन येता येतं. तरुण पोरांना नसते. त्या गेल्या नाहीत. बदल्यांचा आठवडा होता, तीन मुलांचे परवाने अडकले होते. रात्री माझ्याकडे आल्या. माझा नातू वीस दिवसांचा होता. म्हणाल्या, जरा धरू का? मांडीवर घेतला आणि तासभर बसून राहिल्या. मी तेल लावते कसं, शेक देते कसा, सगळं विचारून घेतलं. भावोजी, तुम्ही म्हणता तो आरोप त्या बाई स्वतःवरच करत होत्या. मी काही बोलले नाही. मनात मात्र आलं, की माझं बरं आहे; मला कुणी विचारत नाही, तू इथे का आलीस म्हणून. लेकीसाठी आले म्हटलं की जग गप्प बसतं. मी माझ्याच रक्ताची सेवा केली आणि वर कौतुक घेतलं. त्यांनी रक्त सोडून केली, तर त्यांनाच जाब.

आणि आपल्याकडे काय चाललंय? आपल्या ओळखीतली साठी उलटलेली जोडपी मोजा. एक तर मुलांकडे न्यू जर्सीला नाहीतर ॲमस्टरडॅमला सहा-सहा महिने बिनपगारी पाळणाघर चालवतात, नाहीतर सहलीच्या बसमधून नऊ दिवसांत सात देश बघतात. दोन्हीला मी नावं ठेवत नाही, दोन्ही केलंय मी. पण घराबाहेरच्या एखाद्या माणसाला आपली गरज आहे, असं म्हणणारं वय साठाला संपतं हे आपण कधी ठरवलं? वानप्रस्थ शब्द आपलाच. वनात जायचं सोडून आपण सोसायटीच्या बाकावर जाऊन बसलो.

तिथले आकडे शिकताना त्या गृहस्थांना मोठी मौज वाटली. डॅनिश लोक पन्नासाला ‘हाल्वत्रेस’ म्हणतात. त्याची फोड अशी, की तिसरं अर्धं, गुणिले वीस. म्हणजे आपलं अडीच. अडीच म्हणजे अर्धतृतीयच की! अडीच विसा पन्नास. आणि सत्तर म्हणजे चौथं अर्धं गुणिले वीस, साडेतीन विसा. आपल्याकडे साडेतीनाला जुना शब्द औट. औट हात देह म्हणतो तो. माझी आजी गोवऱ्या विसांनीच मोजायची. मी त्यांना सांगितलं, तुम्ही औट विसांचे झालात. दुकानात कुणी वय विचारलं की ते मोठ्या अभिमानानं डॅनिशमध्ये सत्तर म्हणायचे आणि मग माझ्याकडे बघून ‘औत विसा’. ट चा त व्हायचा. बाईंना वाटायचं, परवान्याचंच काहीतरी चाललंय.

शंकेखोर : बाकावर बसणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा तो टोला लागला. पण वहिनी, तुमच्या बोलण्यात एक चोरवाट आहे. तुम्ही दोनच पर्याय ठेवता : नातं किंवा बिल्ला. तिसरा आहे की! त्याच डेन्मार्कमध्ये एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांकडे गप्पा मारायला जाणारे स्वयंसेवक आहेत. रेड क्रॉसचे आहेत, इतर संस्थांचे आहेत. ‘भेटीचा मित्र’ असा शब्दच आहे त्यांच्याकडे. ना पुस्तक, ना पाण्यात बुडी, ना पांढरे कपडे. माणूस एकटा आहे एवढं कारण त्यांना पुरतं. मग मला सांगा, या जोडप्याचा बिल्ला काढून घेतला, तर ते कुणाकडे गेले असते?

पाहून आलेली : हे मी विचारलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. आमच्याच रस्त्यावर एक नव्वदीच्या आजी राहायच्या. त्यांचे दिवंगत यजमान या चर्चचे होते, त्या स्वतः कधीच झाल्या नाहीत. दर गुरुवारी ही दोघं त्यांच्याकडे जायची. आजींची अट एकच : या, पण पुस्तक आणू नका. पुस्तक नेलं नाही. बिल्ला मात्र काढला नाही. आजींना ऐकू कमी, इंग्रजी शाळेतलं, यांची डॅनिश म्हणजे आकडे आणि नमस्कार. तरी दोन तास बसायची. हे घड्याळाला किल्ली द्यायचे, त्या केस विंचरून द्यायच्या. एकदा मीही गेले होते. परत येताना मी बाईंना विचारलं, बिल्ला नसता तर तुम्ही इथे आला असतात का? त्या चालायच्या थांबल्या. म्हणाल्या, नाही. बिल्ला नसता तर मी माझ्या स्वयंपाकघरात असते, नातवंडांत, आणि ही बाई जगात आहे हे मला माहीतच नसतं.

शंकेखोर : म्हणजे कबूल केलं.

पाहून आलेली : केलं. आणि त्यातलं तुम्ही काय उचललंत? ‘नाही’ एवढंच. मी ‘माहीतच नसतं’ हे उचललं.

शंकेखोर : दोन्ही उचललं तरी माझा प्रश्न राहतोच. आजींसाठी गेले की आजींच्या नावावर कुठेतरी खूण करण्यासाठी? त्यांच्या संस्थेला आठवड्याचा अहवाल जात असणारच. त्या अहवालात ती विंचरलेली वेणी कुठल्या रकान्यात बसते?

पाहून आलेली : तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मला वाटतं, बाईंकडेही नव्हतं. एवढं सांगते, की मी इथून गेल्यावर आजींच्या दारावरून रोज जायचे आणि मला त्या कधीच दिसल्या नव्हत्या. माझ्याकडे रकाना नव्हता.

शंकेखोर : ते जोडपं आता?

पाहून आलेली : जूनमध्ये मुदत संपली, युटाला परत गेलं. घरी पोचल्यावर तिथले प्रमुख सेवेतून मोकळं करतात, तेव्हा बिल्ला काढायचा असतो. पंधराव्या नातवाचा फोटो आलाय, मांडीवर घेतलेला. जोडप्यांची त्यांना नेहमीच चणचण. आमच्या वरचं घर अजून रिकामं आहे.

शंकेखोर : आणि त्या आजी?

पाहून आलेली : मुलगी म्हणाली, नगरपालिकेची बाई येते. पंधरा मिनिटं. भेटीच्या मित्रासाठी एका संस्थेकडे नाव घातलंय, यादी आहे.